नसरापूरची झाडी आणि आपली पंधरा कर्मादानं



पुण्याहून येणारी प्रत्येक पाहुणी आमच्याकडे पहिलं वाक्य तेच बोलते. "किती झाडं गं तुमच्याकडे! नशीबवान आहेस." आणि दुसरं वाक्य, "इकडे एखादा प्लॉट असेल तर सांग."

नसरापूर पुण्याच्या दक्षिणेला, सातारा रस्त्यावर साधारण ३५ किलोमीटरवर. कात्रजचा घाट उतरायचा, खेड-शिवापूर मागे टाकायचं, चेलाडी फाट्याला उजवीकडे वळायचं की आलंच. तोच रस्ता पुढे राजगड-तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याला जातो. तालुका भोर. १९४८ पर्यंत हा सगळा पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा मुलूख. आता मात्र पुण्याचं टोक वाढत वाढत आमच्या दारात आलं आहे. सकाळी नोकरीला पुण्यात आणि रात्री झोपायला नसरापुरात, अशी कितीतरी घरं आहेत.

ही झाडी आपोआप राहिली, असं पाहुण्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. जिथे कोणीतरी तोडायचं थांबलं तिथे झाडं आहेत, जिथे कोणी थांबलं नाही तिथे उघडे डोंगर आहेत. दोन्ही आमच्या घराच्या गच्चीवरून दिसतात. कोण थांबलं आणि का, याचा माग काढत गेले तेव्हा माझ्या हाताला लागलं ते आपलं रोजचं प्रतिक्रमण.

सुरुवात बनेश्वरापासून करते, कारण नसरापूरचं नाव काढलं की लोकांना तेच आठवतं. बनातला ईश्वर तो बनेश्वर. महादेवाचं हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. त्या काळी छत्रपती शाहू महाराज साताऱ्याला आणि पेशवे पुण्याला, त्यामुळे या वाटेवर ये-जा सततची. देवळात एक मोठी घंटा आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आलेली ती घंटा. देवळासमोर पाण्याची कुंडं आहेत, त्यांत मासे आहेत, आणि मागच्या अंगाला शिवगंगा नदी खडकांवरून खाली उतरते. आपण दर्शनाला जाणारे नव्हे, पण मुलांना घेऊन बनात कोण जात नाही! भर मे महिन्यात रस्त्यावर पाय भाजतात, आणि बनाच्या कमानीतून आत गेलं की अंगावर गारवा येतो.

देऊळ बांधलं म्हणून बन वाचलं की बन होतं म्हणून देऊळ तिथे बांधलं, यावर वाद घालता येईल. पण देवाच्या नावाने ते रान राखलं गेलं, एवढं नक्की. पुढे वनखात्यानेही ते जपलं, बाग केली.

ज्या सुमारास बनेश्वर उभं राहत होतं, त्याच सुमारास नानासाहेबांनी कात्रजच्या डोंगरात बांध घालून तिथलं पाणी बंद नळांतून पुण्याच्या हौदांपर्यंत नेण्याचं काम काढलं. म्हणजे पेठा आणि शनिवारवाडा पाणी पीत होते ते आमच्या वाटेवरच्या डोंगराचं. शहर वाढलं की ते आधी डोंगराकडून पाणी मागतं, मग लाकूड मागतं, आणि शेवटी जमीन. आमच्याकडे हे तिन्ही याच क्रमाने घडलं.

या रस्त्यावरची आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. खेड-शिवापूरला दादोजी कोंडदेवांनी आंब्याची बाग लावली, तिला शहाजीराजांच्या नावावरून शहाबाग म्हणत. धन्याला न विचारता तिथलं एक फळ त्यांनी तोडलं आणि भानावर येताच स्वतःचा हात तोडायला निघाले. लोकांनी अडवलं, तेव्हा पुढे जन्मभर एका हाताची बाही आखूड असलेला अंगरखा घालून हिंडले. ही बखरीतली आख्यायिका आहे, इतिहासाचा पुरावा म्हणून मी ती देत नाही. पण लोकांनी ती तीनशे वर्षं सांभाळून ठेवली यालाही काही अर्थ आहे. आपल्या भाषेत तो शुद्ध अदत्तादानाचा प्रसंग आहे. न दिलेलं घेतलं. घेतलेली वस्तू केवढी? एक आंबा!

पुराव्याचं म्हणाल तर आज्ञापत्र आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेला राजनीतीचा हा ग्रंथ. त्यातला झाडांचा भाग शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून मोबाईलवर फिरत असतो. तो मजकूर अमात्यांचा आहे, धोरण मात्र थोरल्या महाराजांच्या वेळचं मानतात. आरमाराला लाकूड लागतं, ते जरूर घ्यावं, पण आंबे-फणस रयतेचे तोडू नयेत, असं तिथे बजावलं आहे. कारण अगदी घरगुती दिलं आहे. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, ती तोडल्यावर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. झाड जुनं होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं. आजच्या सरकारी नियमातही आंबा, फणस, हिरडा, चिंच, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यासाठी १९६४ चा कायदा आहे. पण कायद्याला लेकरू हा शब्द ठाऊक नाही.

आता प्रतिक्रमणाकडे येते. सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना आपण पंधरा कर्मादानांची नावं एका श्वासात म्हणून टाकतो. इंगालकम्मे, वणकम्मे, साडीकम्मे, भाडीकम्मे, फोडीकम्मे, आणि मग पुढची वाणिज्यं. अर्थ विचारला तर निम्म्याजणी अडखळतील. खूप पाप बांधणारे, श्रावकाने करू नयेत असे हे पंधरा धंदे. उपासकदशांग सूत्रात भगवान महावीर आनंद श्रावकाला ते सांगतात. आनंद काही गरीब नव्हता हं. बारा कोटी सुवर्णमुद्रा, चाळीस हजार गाई आणि पाचशे नांगरांची जमीन! त्याने घरदार सोडलं नाही, मर्यादा घातली. त्याला सांगितलेल्या त्या यादीत पहिलं नाव इंगालकम्मे आहे, म्हणजे कोळसे पाडण्याचा धंदा. दुसरं वणकम्मे, जंगलतोडीचा धंदा.

कोळसा पहिल्या नंबरवर का, हे मला वेल्ह्याने शिकवलं.

नसरापूरहून पश्चिमेला गेलं की वेल्हे. त्याच तालुक्यात आंबी नदीवर पानशेत धरण आहे. पानशेत म्हटलं की पुणेकरांना १२ जुलै १९६१ आठवतो. धरण फुटलं, पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आपल्या घरांतून त्या दिवसाच्या गोष्टी अजून सांगतात, दुकानातलं धान्य कसं फुगलं, वह्या कशा वाहून गेल्या. पण धरणाच्या वरच्या बाजूला, खोऱ्यात काय झालं ते फारसं कोणी सांगत नाही.

खोऱ्याच्या तळाची भातखाचरं धरणात गेली. काही गावं दुसरीकडे वसवली, काही माणसं तिथेच डोंगरउतारावर सरकली. धरणासाठी रस्ते आले, आणि त्या रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी आले. तोपर्यंत त्या डोंगरात गाडी जातच नव्हती, म्हणून तिथल्या लाकडाला शहरात भाव असूनही ते उभं होतं. जमीन गेलेल्या माणसाच्या हातात विकण्यासारखं उरलं होतं ते फक्त मालकीच्या डोंगरातलं झाड. ते कवडीमोलाने गेलं. जागच्या जागी भट्ट्या लागल्या, कोळसा पुण्याला गेला. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पानशेतच्या डोंगरांची ही कहाणी लिहून ठेवली आहे. ते मूळचे पुण्याचेच. ते आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक १९७० च्या दशकात सह्याद्रीत पायी हिंडत होते. त्यांना भकास डोंगरांत मध्येच दाट, उंच झाडीचे ठिपके दिसायचे. त्या देवराया होत्या.

देवराई म्हणजे देवाच्या नावाने सोडलेलं रान. तिथली फांदी तोडायची नाही, पुष्कळ ठिकाणी वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. हे वाचलं तेव्हा मला आपलं पच्चक्खाण आठवलं. कोणी पहारा देत नाही, दंड नाही, पण एकदा त्याग केला की केला. एक गोष्ट बोचते, तीही लिहिते. यांतल्या काही देवांना कोंबडं-बकरं चढतं. अशा गावांबद्दल आपण नाक मुरडतो. पण रान राखलं त्यांनी. वणकम्मेचं नाव न ऐकता त्यांनी वणकम्मे टाळलं.

आणि आपण? आपल्या समाजातल्या कोणी कोळशाच्या भट्ट्या लावल्या की नाही, हा माझा प्रश्नच नाही. गॅस येण्याआधी पुण्याच्या पेठांतल्या प्रत्येक घरात शेगडी होती. वखारीतून कोळशाचं पोतं यायचं, घरातली सून ते निवडून, फोडून, डब्यात भरायची. शेगडीत घालण्याआधी कोळसा झटकून घेत, आत मुंगी-किडा नसावा म्हणून. ही जयणा मी सासूबाईंच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती खरीच. फक्त तो कोळसा कोणत्या डोंगराचा, हे विचारायची पद्धत नव्हती. व्रत विकणाऱ्याचं मोडतं की घेणाऱ्याचंही, यावर महासतीजींना विचारलं तर त्या करण, करावण, अनुमोदन हे तीन शब्द सांगतील. तिसरा शब्द जड आहे.

त्या कोळशात हिरड्याची झाडंही गेली. हिरडा म्हणजे आपल्या अणाहारी वस्तूंतला, महासतीजींच्या औषधाच्या डबीतला. ज्याचं फळ दर वर्षी विकता येतं, ते झाड कोण तोडेल, असं आपल्याला वाटतं. रोख पैशाची नड असली की तेही तुटतं.

इकडे पुण्यात पूर ओसरल्यावर शहर पसरायला लागलं. तसं शहर सोडून मोकळ्यावर राहायला जाण्याची ओढ जुनीच, आणि बहुतेक वेळा ती भीतीतून आलेली. १८९७ च्या प्लेगात लोक गावाबाहेर तंबू-झोपड्यांत राहिले आणि मोकळ्या हवेचं महत्त्व कळलं. मग डेक्कन जिमखाना, एरंडवण्याच्या बाजूला बागा असलेले बंगले झाले. १९६१ नंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहती झाल्या. बंगल्यांच्या त्या गल्ल्यांत एकेका घरापुढे बकुळ, आंबा, नारळ. आता तिथे बंगले पाडून उंच इमारती होतात आणि झाड पार्किंगच्या आड येतं.

आपल्या समाजाची वाट दक्षिणेकडची. गुरुवार पेठेतल्या गोडीजी पार्श्वनाथांच्या आसपास, रविवार-भवानी-नाना पेठेत जुनी घरं. भुसार बाजार गुलटेकडीला गेला, तशी दुकानांमागोमाग घरंही सॅलिसबरी पार्क, बिबवेवाडी, सातारा रस्त्यावरच्या आदिनाथ सोसायटीकडे सरकली. पुढे कात्रजला आगम मंदिर झालं आणि आपली वस्ती घाटाच्या तोंडाशी पोचली. आता ती घाट ओलांडते आहे. प्रत्येक वेळी आपण झाडी बघून गेलो, आणि आपल्यामागून आलेल्यांना झाडी आणखी पुढे शोधावी लागली.

इथे राहणं श्राविकेला सोपं की अवघड, असंही मला विचारतात. दोन्ही. विहिरीचं पाणी गाळून जिवाणी त्याच विहिरीत परत सोडता येते, जे नळाच्या पाण्याला कधी जमलंच नाही. संध्याकाळी गाव लवकर निजतं, चौविहार आपोआप होतो. पण भोरकडचा पाऊस! आषाढ लागला की अंगणात, पायरीवर, भिंतीवर शेवाळ. अनंतकाय! पाय कुठे ठेवायचा? दिवा लावला की पतंग, धान्य उघडलं की किडे, केर काढायचा तर गोगलगायी आधी बाजूला करायच्या. पुण्यातल्या फरशीवरची जयणा आणि इथली जयणा यात शाळेच्या परीक्षेत आणि संसारात असतो तेवढा फरक आहे. शहरात जीव कमी होते कारण आधीच्या कोणीतरी ते संपवले होते. झाडी हवी आणि जीव नकोत, हे जमत नाही. प्लॉट विचारणाऱ्या पाहुण्यांना मी हे आधी सांगते. निम्म्या तिथेच गप्प होतात.

रस्त्याचंही सांगायला हवं. पुणे-सातारा रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुनी वडाची झाडं होती. २०१० नंतर सहापदरीकरण सुरू झालं आणि ती गेली. गाडीतून जाणाऱ्याला तासाभराचं ऊन, काच वर केली की संपलं. पण महासतीजी विहार करतात त्या अनवाणी. चातुर्मास उठल्यावर त्यांचे ठाणे याच रस्त्याने जातात. पूर्वी दोन-तीन कोसांवर एखादा वड, पार, बसायला जागा असायची. आता पहाटे अंधारात निघतात, ऊन चढायच्या आत पोचायला, आणि पहाटेच्या अंधारात ट्रक भरधाव असतात. रस्त्यावरच्या विहारात साधू-साध्वींना झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो आणि काउसग्ग करतो. चेलाडी ते शिवापूर, आम्ही काही बायका आळीपाळीने सोबत चालतो, मागे-पुढे चमकते पट्टे घालून. त्या चालण्यात एकेका सावलीची किंमत कळते.

आता शेवटचा विषय, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. सध्या आमच्याकडे डोंगर कोळशासाठी जळत नाहीत, ते कापले जातात. मुरूम काढायचा, उतार सपाट करायचा, आखणी करायची, कमान उभारायची आणि वर पाटी लावायची, निसर्गाच्या सान्निध्यात. जमीन फोडणं म्हणजे फोडीकम्मे, यादीत पाचवं. ओढा-तळं बुजवून, आटवून प्लॉट पाडणं, त्यालाही यादीत नाव आहे, सरदहतलायसोसणया. हे धंदे करणाऱ्यांत आपली माणसं आहेत, आणि प्लॉट घेणाऱ्यांत तर पुष्कळच. पुण्यात फ्लॅट, गावाकडे वाडा, आणि शनिवार-रविवारसाठी इथे बंगला, वर्षातले तीनशे दिवस कुलूप. पाचव्या व्रतात खेत्त-वत्थुचं परिमाण आहे, शेत आणि घर किती ठेवायचं त्याची मर्यादा. आनंद श्रावकाने पाचशे नांगरांवर रेघ ओढली. आपण सोन्याच्या तोळ्यांची मर्यादा वहीत लिहितो, गुंठ्यांची लिहिलेली मी फार थोड्या वह्यांत पाहिली.

आमच्या वसाहतीत बावीस प्लॉट आहेत. आत येणारा रस्ता रुंद करायचं ठरलं आहे आणि त्याच्या मधोमध एक चिंच येते. दोघींनी हात धरले तरी कवेत न येणारी. आखणीच्या नकाशात प्रत्येक प्लॉट आहे, विजेचे खांब आहेत, गटार आहे, चिंच नाही. मंडळींचं म्हणणं, तिचा पाला गटारात बसतो, सौर तबकड्यांवर सावली पडते, आणि भुतं असतात ते वेगळंच. मी मोजणी करणाऱ्या मुलाला विचारलं, रस्ता वळवला तर? तो म्हणाला, काकू, पाच फूट वळवला की झालं, पण कोपऱ्यातल्या प्लॉटचा अर्धा गुंठा जाईल.

कोपऱ्यातला प्लॉट आमचा आहे. अर्ध्या गुंठ्याची आजची किंमत आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे, धाकट्या दिरांना तर फारच. यांच्यापुढे मी विषय काढला तेव्हा यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला, आणि म्हणाले, संवत्सरीनंतर बोलू. बैठक संवत्सरीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे. तोवर मी त्या नकाशाची प्रत मागवून घेतली आहे आणि लाल पेनाने चिंच तिच्या जागी काढून ठेवली आहे.